गारठ्याच्या सालची वाइन

एप्रिल संपत आला होता, आणि आमच्या ला गारोसमधल्या द्राक्षबागा एका पहाटेत काळ्या पडल्या. आदल्या संध्याकाळी मर्लो द्राक्षांच्या वेलींवर बोटभर फूट होती, पोपटी, हात लावला तर मोडेल अशी. उजाडलं तेव्हा ती उकडलेल्या पालेभाजीसारखी खाली लोंबत होती. सगळ्या गावाने ओलं गवत पेटवून धूर केला होता, पण थंडी धुराच्या खालून आली आणि आपलं काम करून गेली. माझा नवरा रेजिस वेलींच्या दोन ओळींमध्ये चिखलात बसला तो उठेचना.

त्याची थोरली बहीण ओदिल वरच्या अंगाने खाली आली. तिच्या बुटांना पांढरी खडी चिकटली होती.

"ऊठ," ती म्हणाली.

"कशासाठी उठू, ताई? राहिलंय काय?"

"वरचा तुकडा राहिलाय. काबर्ने अजून झोपलंय, आणि पेती वेर्दो तर चक्क घोरतंय. डोळेच उघडले नव्हते त्यांनी, थंडीला सापडणार काय? घरात दोन आळशी पोरं असली की कधीतरी अशी उपयोगाला येतात."

रेजिस हसला नाही. पण उठला.

आमची वाइन तीन द्राक्षांच्या मेळाने होते. मर्लो तिला अंग देतं, गोलाई देतं. काबर्ने कणा देतं. आणि पेती वेर्दो म्हणजे लवंग. थोडी पडली तर बहार, जास्त पडली तर तोंड बधिर. कशाचं किती घालायचं हे ओदिल ठरवायची. सासरे गेल्यापासून ते काम तिचंच होतं आणि सगळ्या पंचक्रोशीत तिच्या नाकाचा दबदबा होता. पिंपघराच्या दारात उभी राहून कुठलं पिंप आंबायला लागलंय ते ती बोटाने दाखवायची. लग्न केलं नाही, कुणाची भीड ठेवली नाही, आणि तिचं म्हणणं खोटं ठरलेलं कुणाला आठवत नव्हतं.

मी आले ती समुद्रकाठच्या पाइनच्या रानातून. माझे वडील झाडांना खाचा पाडून राळ गोळा करायचे. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, ओदिलने मला ऐकवलं, "नोएमी, पोरी, तुझ्या नाकात राळ गच्च बसलीय. तुला वाइन म्हणजे लाल पाणी." तेव्हापासून मी स्वयंपाकघर आणि कोंबड्या सांभाळत होते. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. वाइनवरून होणारी त्या घरातली भांडणं दुरून ऐकायलाच बरी होती.

त्या वर्षी पीक आलं ते एवढंसं. हिवाळ्यात मेळ घालायची वेळ झाली तेव्हा टेबलावर मर्लो जवळजवळ नव्हतंच. ओदिल काचेची मापं घेऊन बसली. ओतायची, वास घ्यायची, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायची, पुन्हा ओतायची. रेजिस शेजारी उभा राहून नखं कुरतडत होता. शेवटी जे ठरलं त्यात मुख्य काबर्ने आणि चौथा हिस्सा पेती वेर्दो. आमच्या भागात इतकं कुणी कधी घातलं नव्हतं.

शेजारचा आन्सेल्म नेमका तेव्हाच टपकला. आन्सेल्मची बाग आमच्या तिप्पट. गावच्या बागायतदारांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. तरुणपणी त्याने ओदिलला मागणी घातली होती, तिने नाही म्हटलं. त्यानंतर त्याने दुसरीशी लग्न केलं, संसार चांगला केला, पण आठवड्यातून एकदा ओदिलशी भांडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ओदिल, ही वाइन आहे की लोहाराची भट्टी? थांब, दात जागेवर आहेत का बघू दे."

"तुझे दात तसेही उशाशी पेल्यात असतात."

"मस्करी करत नाही मी. दलाल घाऊक घेतोय यंदाचं सगळं. देऊन टाक. कुठल्या तरी स्वस्त मिश्रणात जिरून जाईल, कुणाची होती ते कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"अगं, पिण्यासारखी कधी होणार ही? आपण दोघं चर्चमागच्या मातीत गेल्यावर?"

"दहा वर्षांनी ये. मातीतून उठून यावं लागलं तरी ये."

वाइन पिंपांत भरली, आणि फेब्रुवारीत ओदिल तापाने आडवी झाली. उठली तेव्हा वाळून गेली होती. जीभ तेवढीच तिखट, पण मला काहीतरी खटकत होतं. जेवताना मिठाशिवाय कशाला नावं ठेवत नव्हती. पिंपघरात जायची, पण एकटी, आणि दार ओढून घ्यायची.

एका दुपारी मी बदकाच्या चरबीत लसूण टाकला आणि कोंबड्यांनी कालवा केला म्हणून बाहेर धावले. परत आले तर लसणाचा कोळसा झालेला, करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेलेला, आणि ओदिल चुलीकडे पाठ करून शांतपणे चेस्टनट सोलत बसलेली. शिळं लोणी अंगणातून ओळखणारी बाई!

सकाळी बीट उकडलं होतं, त्याचं लाल पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"ताई, रेजिसने उघडलीय. बघ जरा कशी आहे."

तिने पेला उचलला, गोल फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग नेहमीसारखी मान हलवली. "बरी आहे. अजून जरा हवा लागू दे."

"ताई, हे बिटाचं पाणी आहे."

तिने पेला टेबलावर ठेवला. म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं.

"तापात गेला," ती म्हणाली. "सगळा. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच वास येत नाही. दात दाखवायला म्हणून बोर्दोला गेले होते ना, ते डॉक्टरकडे गेले होते. म्हणाला, येईल कदाचित, नाहीही येणार." त्या बाईला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि रडली तेही रागाने रडली, मुठी वळून. "रेजिसला बोलू नकोस. त्याला कळलं तर उद्या दलालाचा टँकर दारात उभा राहील."

"पण मग पिंपं कोण चाखणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी तोंडाकडे, मग नाकाकडे.

"राळ तर राळ," ती म्हणाली. "नाक तर आहे."

अशी माझी शाळा सुरू झाली, वयाच्या चाळिशीत. ओदिल कपबश्यांमध्ये काही काही झाकून ठेवायची: पेन्सिलीचा भुगा, काळ्या मनुका, ओलं शेवाळं, आजोबांची तंबाखूची पिशवी. मी वास घेऊन सांगायची. मला धंद्यातले शब्द येत नव्हते, मी आपलं जे आठवेल ते बोलायची.

"हा आमच्या शाळेच्या दप्तराचा वास."

"म्हणजे चामडं."

"बरं, चामडं."

"नको, दप्तरच म्हण. चामडं काय, कुणीही म्हणतं."

पिंपघरात आम्ही दोघी मिळून जायचो. मी पेला नाकाशी धरायची, कानात सांगायची, आणि ती घोट घ्यायची. रेजिसला वाटायचं, बहिणीने अखेर बायकोला पदरात घेतलं. तो बिचारा खूश होता.

त्यातच ओदिलला एक नवीनच गोष्ट उमगली. एक घोट तिने तोंडात खूप वेळ धरला, हिरड्यांवरून, गालांच्या आतून फिरवला, मग थुंकून म्हणाली, "गंमत सांगू? इतकी वर्षं नाक सारखं मध्ये मध्ये बोलायचं. आता ते गप्प आहे तर जिभेचं ऐकू येतंय."

"काय म्हणतेय जीभ?"

"गोणपाट म्हणतेय. हिरड्यांवर घासतंय. पण धागा लांब आहे, पोरी. वाईट तुरटपणाचा धागा तुटका असतो, टोचत राहतो, म्हातारा झाला तरी टोचतो. हा धुऊन धुऊन मऊ पडणारा आहे."

मीही जिभेवर घेऊन पाहिलं. मला फक्त तोंड आवळल्यासारखं झालं. पण तिने सांगितलेलं मी मनाशी धरलं.

पुढचे दोन हिवाळे वाइन पिंपांत राहिली. वाइन निवळायला आम्ही अंड्यातलं पांढरं घालतो. थोडा तुरटपणाही त्यासोबत तळाशी बसतो. रेजिस म्हणाला, यंदा दुप्पट घालू, निदान लवकर पिता तरी येईल. ओदिल त्याच्यावर खेकसली, "केस कापायला बसलोय आपण, मुंडकं नाही." त्यावरून दोघं आठवडाभर बोलत नव्हते. शेवटी तडजोड झाली ती अशी की अंडी ओदिलच्या मनाप्रमाणे, पण अर्धी वाइन दलालाला. टँकर आला त्या सकाळी ओदिल त्याच्याकडे पाठ करून भिंतीला लावलेल्या पेअरच्या फांद्या छाटत राहिली. छाटायला नको होत्या त्याही छाटल्या.

उरलेली अर्धी आम्ही बाटल्यांत भरली आणि आडवी रचून ठेवली.

दर वर्षी सगळ्या संतांच्या सणाला, कबरींवर फुलं वाहून आलो की एक बाटली उघडायची असं ठरलं होतं. पहिल्या खेपेला मला निदान काळ्या बेरीचा वास आला. दुसऱ्या खेपेला कमी. मग वाइन मुकी झाली. पेल्यात नाक खुपसून मी दमायची. ओला दोर आणि लोखंड, बस्स. अशा वाइन्स असतात, काही वर्षं तोंड मिटून बसतात. पण काही मिटतात त्या मिटतातच, हेही गावात सगळ्यांना माहीत होतं. रेजिस पेला ठेवून गुरांना बघायला म्हणून निघून जायचा. आमच्याकडे गुरं नव्हती.

"काय आलं?" ओदिल विचारायची.

"काही नाही, ताई."

"मला येतंय. जिभेवर येतंय. थांबायचं."

पाचव्या वर्षी शरद ऋतूत आन्सेल्मने मंडळाच्या लोकांना जेवायला बोलावलं. निरोप आला, तुझी भट्टी घेऊन ये, बघू विझली का. ओदिलने बाटली नेली. मी तिच्या शेजारीच बसायचं ठरलं होतं, पण आन्सेल्मच्या बायकोचा हात भाजला आणि मला मासे वाढायला उठावं लागलं. मी दोन ताटं घेऊन दारात आले तेव्हा बाटली फिरून झाली होती. टेबलावर सगळ्यांची तोंडं वाकडी. आणि त्या सगळ्यांमध्ये ओदिल ताठ बसून, पेला खाली ठेवत, मोठ्याने म्हणत होती, "बघा, सुटायला लागलाय धागा. गोणपाटाचं मांजरपाट झालंय."

माणसं पेले दूर सारत होती.

"ओदिल," आन्सेल्म म्हणाला, "बूच खराब निघालंय. बाटली मेलीय. ओल्या पोत्याचा भपकारा येतोय इथपर्यंत."

ओदिलने मान वळवून मला शोधलं. मी ताटं घेऊन तशीच उभी.

"तुला वास आला नाही?" आन्सेल्मने विचारलं. हळू विचारलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

"येत नाही मला," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

टेबलाच्या टोकाला कोणी तरी फिसकन हसलं. आन्सेल्मने मूठ आपटली, तशा सुऱ्या-काटे उडाले. "हसायचं असेल त्याने बाहेर जाऊन हसावं!" मग ओदिलकडे वळून म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस." ती त्याच्याशी भांडली नाही तो तेवढा एकच दिवस.

घरी येताना रेजिस आमच्या पुढे चालत होता. फाटकाशी येऊन उलटा फिरला.

"पाच वर्षं! आणि तूही, नोएमी? एकीला नाक नाही, दुसरीला अक्कल नाही, आणि मी तुमच्या भरवशावर निम्मी वाइन अडवून बसलोय! सगळ्या गावाने सांगितलं, विक. मी म्हटलं, ताईचं नाक आहे!"

"त्या मेलेल्या बाटलीत तुला काय मिळालं?" ओदिलने विचारलं.

"काय मिळणार? पोतं."

"तुम्हा सगळ्यांना पोतं आडवं आलं. मला आलं नाही, म्हणून मला पलीकडचं कळलं. ती मऊ व्हायला लागलीय, रेजिस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चल, चांगली बाटली उघड, नाक दाबून धर आणि जिभेवर ठेव. मला लहानपणी औषध पाजायचे तसं."

रेजिस रागातच होता, पण गेला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्याने बाटली उघडली, दोन बोटांनी नाक चिमटीत धरलं आणि घोट घेतला. फुगलेले गाल, लाल झालेले कान. एरवी मला हसू आलं असतं. त्याने घोट गिळला, थांबला. पुन्हा एक घेतला, आणि ओदिलने केलं तसं हिरड्यांवरून फिरवला.

"पिंपात होती तेव्हा अशी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"तेव्हा गालाला आतून ओरखडे उठायचे."

"मग मी काय सांगतेय?"

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "अजून थोडी दे," तो म्हणाला. त्यानंतर त्याने विकण्याचं नाव काढलं नाही. उलट बाजारात कुणी 'बिननाकाची ओदिल' म्हटलं तर तोच आधी अंगावर धावून जायचा. ओदिल त्याला मागे ओढायची आणि म्हणायची, "जाऊ दे रे, मला नाक नाही तशी त्यांना जीभ नाही. फक्त मी लपवत नाही आता."

तरीही वाइन मुकीच राहिली. एक सण गेला, दुसरा गेला. ओदिल दर खेपेला म्हणायची, कापड आणखी तलम झालंय, आणि मी दर खेपेला म्हणायची, वास नाही. मला मनातून वाटू लागलं होतं की दोष वाइनचा नसेल, माझ्या नाकाचाच असेल. ओदिलच्या जागी जुनी ओदिल असती तर तिला कधीच कळलं असतं. एकदा हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "जुन्या ओदिलने ही दुसऱ्याच वर्षी विकली असती. तिला नाकापुढे काही सुचायचं नाही."

नवव्या वर्षी सणाच्या दिवशी ऊन पडलं होतं. मी सकाळी बाटली उघडली, वास घेतला, नेहमीचं लोखंड. पेला खिडकीत ठेवून दिला आणि कामाला लागले. जेवणं झाली, रेजिस झोपला, ओदिल मागे खुराड्याचं दार दुरुस्त करत होती. मी टेबल पुसता पुसता सहज पेला उचलला.

आधी मला वाटलं, कोणी तरी घरात आलंय आणि तंबाखूची पिशवी उघडतंय. मी वळून पाहिलंसुद्धा. मग पाठोपाठ फुलं आली, जांभळी, सावलीत उगवतात ती. मग उन्हात तापलेल्या काळ्या बेऱ्या, काट्यांसकट, कुंपणासकट. एकामागून एक येतच राहिलं, जणू दारात इतकी वर्षं ताटकळलेली सगळी माणसं एकदम आत आली. पेला सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून मी मागच्या दारी पळाले. चपला घालायचं भान राहिलं नाही.

"ताई! ताई, बोलली!"

ओदिलच्या तोंडात खिळे होते. ते तिने हातावर काढले.

"काय म्हणाली?"

"खूप काही. एकदम सांगता यायचं नाही."

"मग हळूहळू सांग. मी घोट घेते, तू कानाशी बोल."

ती खुराड्याच्या भिंतीला टेकली. तिने डोळे मिटले, घोट घेतला, आणि मी तिच्या कानाला तोंड लावून सांगू लागले. तंबाखू, पण जळलेली नाही, पिशवीतली. फुलं. नवीन पेन्सिल तासताना येतो तो वास. उन्हातल्या बेऱ्या. पावसानंतरचं रान. ती तोंडात वाइन धरून ऐकत होती, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. कोंबड्या आमच्या पायांत फिरत होत्या. मी सगळं सांगून संपवलं तेव्हा कुठे तिने घोट गिळला. थुंकली नाही.

"मखमल," ती म्हणाली.

मग मला घट्ट मिठी मारली. तिच्या हातातले खिळे माझ्या पाठीला टोचत होते, पण मी सोड म्हटलं नाही.

आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी मंडळाची परीक्षा होती. दहा वर्षांच्या झालेल्या वाइन्स सगळ्यांनी एकत्र बसून चाखायच्या, नावं झाकून, हा गावचा जुना रिवाज. गारठ्याच्या सालच्या बाटल्या मोजक्याच आल्या, कारण बहुतेकांनी त्या वर्षी वाइन घाऊकच विकली होती. आन्सेल्मची होती, त्याच्याकडे बागेत पेटवायच्या शेगड्या होत्या, त्याने मर्लो बरंच वाचवलं होतं आणि त्या वाइनचा त्याला अभिमान होता. पहिली काही वर्षं ती फार गोडही लागायची.

आन्सेल्मच्या पिंपघरात लांब टेबल मांडलं. बाटल्यांना त्याच्या बायकोने लोकरीचे जुने मोजे चढवले होते, गळ्यापर्यंत. कुठल्या मोज्यात काय हे तिलाच माहीत. बाहेर वेलींच्या वाळक्या काटक्यांवर मांस भाजायला निखारे करत होते. ओदिल माझ्या शेजारी बसली, दुसऱ्या बाजूला रेजिस. त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

पहिला राखी मोजा. पातळ, आंबटसर, माना हलल्या, पेले रिकामे झाले. मग निळा. आन्सेल्मने एक घोट घेतला आणि उसासा टाकला. "लपवायचं काय? ही माझी. थकली बिचारी. खुर्ची द्या तिला." सगळे हसले. मनाने मोठा माणूस होता तो, हे मला म्हटलंच पाहिजे. मग आणखी दोन. मग लाल मोजा.

मी वास घेतला आणि ओदिलच्या मांडीवर हात ठेवला. तिला तेवढं पुरलं.

टेबलावरची कुजबुज आपोआप थांबत गेली. आधी आमच्या बाजूची, मग टोकापर्यंतची. माणसं वास घेत होती आणि पीत नव्हती. पेला खाली करत, पुन्हा नाकाशी नेत. आन्सेल्मने घोट घेतला, वर आढ्याकडे बघितलं, दुसरा घेतला. मग पेला दणकन ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कुणाचा चावटपणा आहे हा?"

"कसला चावटपणा?" कोणी तरी विचारलं.

"ही त्या सालची नाही! कुणी तरी मोठ्या घराण्याची बाटली आणून मोज्यात घातलीय, आमची परीक्षा बघायला. गारठ्याच्या साली असं काही झालेलं नाही आपल्याकडे. मी होतो ना! जिभेवर बसते कशी बघा, जाते कशी बघा... जातच नाही! अजून आहे!" त्याने बायकोकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तिचे खांदे हलत होते. "ओदिल, तू बोल. तुझी जीभ खोटं बोलायची नाही. ही त्या सालची असेल?"

ओदिलने सावकाश घोट घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. पाच वर्षांपूर्वी फिसकन हसलेला तोही.

"वाईट नाही," ती म्हणाली. "जरा लवकरच उघडलीय. आणखी दहा वर्षं आरामात जाईल."

"ते कळतंय मला! पण कुणाची?"

"मोजा काढ की."

आन्सेल्म उठला. लाल मोजा बाटलीच्या खांद्यावर अडकला होता, त्याने ओढला तसा तो ताणला गेला आणि एकदम निघाला. त्याने कागदावरचं नाव वाचलं. साल वाचलं. बाटली फिरवून पुन्हा वाचलं. मग त्याने मान वर केली, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भट्टी," तो एवढंच म्हणाला.

आणि मग जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. माणसं उठून उभी राहिली, बाकं उलटली. कुणी ओदिलचे हात धरले, कुणी तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बाटलीत तळाशी राहिलेल्या घोटभर वाइनसाठी दोन प्रतिष्ठित माणसं भांडली. पहिल्या नंबरासाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा एकही हात खाली नव्हता. आन्सेल्मने दोन्ही वर केले होते. रेजिस मात्र जागेवर नव्हता. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर तो निखाऱ्यांपाशी उभा राहून डोळे पुसत होता आणि मांस भाजणाऱ्याला सांगत होता, धूर फार करतोस बाबा. मग न सांगता घरी गेला आणि हातगाडीवर दोन पेट्या घालून घेऊन आला. ताईने विचारलंही नाही, उघडायच्या का. तीच बूच काढायला बसली.

"या, बसा, प्या," ती सगळ्यांना म्हणत होती. "पण गप्प बसून प्या. आधी नोएमी सांगेल काय काय आहे ते."

आणि मला उभं केलं. माझ्या रानातल्या भाषेत, तंबाखूची पिशवी, दप्तर, कुंपणावरच्या बेऱ्या, मी सांगत गेले, आणि ती सगळी जाणती माणसं माना खाली घालून, पेल्यात नाक घालून एकेक शोधत होती. "आहे!" कोणी तरी ओरडायचं. "पेन्सिल आहे!" बोर्दोहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, बाई, आपण कुठे शिकलात? मी म्हटलं, हिच्याकडे, कपबश्यांवर. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मांस संपलं, चीज संपलं. आन्सेल्म आमच्याजवळ खुर्ची ओढून बसला. टोपी हातात.

"पुढच्या महिन्यात माझा मेळ घालायचाय," तो म्हणाला. "येशील?"

"तुझ्याकडे मोठ्या शाळेतून शिकून आलेला माणूस आहे ना?"

"आहे. चांगला आहे. पण त्याला नाक आहे, जीभ आहे, दोन्ही एकदम बोलतात. मला तुम्ही दोघी हव्या आहात."

"विचारून सांगते," ओदिल म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "काय गं, जायचं? माणूस कटकट्या आहे."

"जाऊ की," मी म्हटलं. "पण माशांच्या खताच्या पिशव्या त्याच्या पिंपघरातून आधी बाहेर काढायला लाव. मला आल्यापासून त्रास होतोय."

आन्सेल्म असा हसला की त्याची कवळी खरंच हातात आली.

आम्ही निघालो तेव्हा दिवस अजून वर होता, नदीवर ऊन चकाकत होतं. रेजिसने ट्रॅक्टर आणला. त्याला ट्रॉली जोडलेली, तिच्यात रिकाम्या पेट्या आणि मी. ओदिल म्हणाली, मी मागे बसणार नाही. सत्तरीला टेकलेली बाई, चाकावर पाय देऊन वर चढली आणि भावाशेजारच्या पत्र्यावर, स्कर्ट सावरून, राणीसारखी बसली.

"सावकाश घे," ती त्याला म्हणाली. "आणि हे बघ, प्रत्येक फाटकासमोर भोंगा वाजव."

"प्रत्येक, ताई? लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायचंय मला."

रेजिसने भोंगा वाजवला. पहिल्या घराची खिडकी उघडली. ओदिलने हात हलवला. मग दुसरं फाटक, मग तिसरं. पडवीतली माणसं उठून उभी राहत होती, कुत्री ट्रॉलीमागे धावत होती, मी पेट्यांमध्ये हिंदकळत खिदळत होते. आणि रेजिस, ज्याने उभ्या आयुष्यात लोक काय म्हणतील याचाच विचार केला होता, तो आमचं घर मागे टाकून सरळ पुढे निघाला. गाव संपेपर्यंत त्याने भोंग्यावरचा हात काढला नाही.